कोरडवाहू खानदेशात मिश्र चारा: पहिली सुरुवात दहा गुंठ्यांपासून

खानदेशात चाऱ्याची ओढ कधी लागते हे गुरं पाळणाऱ्याला कॅलेंडर बघून सांगावं लागत नाही. होळी झाली की कडब्याची गंजी उतरायला लागते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास पेंढीचा भाव विचारत गावोगाव फिरावं लागतं. मृगाचा पाऊस येईस्तोवर ढोरांच्या बरगड्या मोजता येतात. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, धुळे हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. इथे पाऊस मुळात कमी, आणि येतो तोही मध्येच दोन-तीन आठवडे दडी मारून.

पण दोष एकट्या पावसाचा नाही. ज्वारी-बाजरी घरोघर होती तेव्हा दाणा घराला आणि कडबा ढोरांना अशी आपोआप वाटणी व्हायची. 2002 नंतर बीटी कपाशी आली, तिच्या मागोमाग मका वाढला आणि ज्वारीचं क्षेत्र आकसत गेलं. वेचणी संपल्यावर कपाशीच्या शेतात ढोरं चार दिवस चरतात, नंतर उरते ती पऱ्हाटी, आणि ती चुलीच्याच कामाची. मक्याचा वाळलेला कडबा इतका जाड असतो की गाय निम्मा गव्हाणीतच सोडते. म्हणून आज नव्याने दोन गाई घेणाऱ्याचं दुधाचं उत्पन्न सरकी ढेपेत आणि विकतच्या वैरणीत निघून जातं. गाई घेण्याआधी चारा पेरायला हवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. गाई घेऊन झाल्या असतील तर येत्या मृगाची तयारी आजपासून करा.

पुढची माहिती ज्याच्याकडे दोन-चार जनावरं, थोडी कोरडवाहू जमीन आणि फार तर संक्रांतीपर्यंत पाणी देणारी विहीर आहे त्याच्यासाठी आहे. केळीच्या पट्ट्यातल्या बारमाही बागायतदाराचं गणित वेगळं.

एकच पीक का नको

ज्वारी, बाजरी, मका ही एकदल पिकं पोट भरतात. पण हिरव्या अवस्थेतही त्यांच्या कोरड्या वजनात प्रथिनं साधारण 7 ते 9 टक्केच असतात, आणि वाळलेल्या कडब्यात तर 3-4 टक्क्यांवर येतात. चवळीसारख्या द्विदल चाऱ्यात ती 16 ते 20 टक्के असतात. दुधाला आणि वासराच्या वाढीला लागतात ती हीच प्रथिनं. नुसती चवळी घातली तर पोट बिघडतं, नुसती ज्वारी घातली तर ढेपेचा खर्च वाढतो. दोन भाग एकदल आणि एक भाग द्विदल हे प्रमाण गाई-म्हशींना मानवतं.

दुसरं कारण पावसाचं. जुलैत ओढ पडली की मका आधी मान टाकतो, बाजरी तग धरते. ऑगस्टमध्ये झडी लागली तर बाजरी पिवळी पडते आणि शेजारची चवळी कधी बरी राहते, कधी तीही खचते. कोणत्या साली काय होईल हे पेरताना माहीत नसतं. दोन जातीची पिकं एका शेतात असली की हात अगदी रिकामे राहत नाहीत. शिवाय चवळी पसरते, जमीन झाकते, त्यामुळे ओल थोडी जास्त टिकते आणि तण दबतं.

आधी ढोरं मोजा

बियाणं आणायला निघण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. मोठ्या जनावराला रोज साधारण 20 किलो हिरवा चारा आणि 5-6 किलो कोरडा चारा धरा. दोन गाई आणि एक बैलजोडी म्हणजे रोजचा 80 किलो हिरवा चारा. शेळ्यांना प्रत्येकी 3-4 किलो.

आता जमीन. कोरडवाहूत बऱ्या पावसाच्या साली मिश्र चाऱ्याचं उत्पादन एकरी 8 टन धरा. दुकानदार याच्या दुप्पट आकडा सांगतील. ते ओलिताच्या पिकाचं उत्पादन असतं. एकरी 8 टन म्हणजे गुंठ्याला 200 किलो, आणि दहा गुंठ्यांत 2000 किलो. चार जनावरांना हा चारा 25 दिवस पुरतो. चारा कापायला योग्य अवस्थेत तसाही तीनच आठवडे राहतो, पुढे धाट लाकडासारखं होतं.

म्हणून चारा एकदम पेरायचा नाही. एकच एकर एकाच दिवशी पेरलं तर ऑगस्टमध्ये चारा वाया जाईल आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा विकत घ्यावा लागेल. दहा-दहा गुंठ्यांचे तीन तुकडे करा. पहिला तुकडा मृग-आर्द्रात, दुसरा पुनर्वसूत, तिसरा पुष्याच्या शेवटी किंवा आश्लेषात. दोन पेरण्यांत पंधरा ते वीस दिवसांचं अंतर ठेवा. तिसऱ्या तुकड्याचा चारा थोडा कमी निघेल, पण तो नेमका परतीच्या पावसाच्या सुमारास हाती येतो आणि वाळवून ठेवायला सोपा जातो.

जमीन बघून जोडी ठरवा

मुरमाड, हलकी, उताराची जमीन असेल तर बाजरी आणि चवळी, किंवा चवळीच्या जागी मटकी अथवा गवार. पाऊस फार बेभरवशाचा असेल तिथे गवार चवळीपेक्षा तग धरते. मध्यम काळी जमीन असेल तर ज्वारी आणि चवळी. खोल काळी जमीन आणि विहिरीत एक-दोन पाण्यांची सोय असेल तरच मका आणि चवळी. मक्याची आफ्रिकन टॉल ही चाऱ्याची जात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची. ती उंच वाढते, पानं रुंद असतात आणि ढोरांना गोड लागते. पण पाण्याच्या ओढीत ती टिकत नाही, एवढं लक्षात ठेवा.

ज्याचं हे पहिलंच वर्ष आहे त्याने बाजरी-चवळीच घ्यावी, जमीन काळी असली तरी. याला दोन सरळ कारणं आहेत. बाजरी 45 ते 55 दिवसांत कापणीला येते आणि चवळी 50 ते 60 दिवसांत, म्हणजे दोघींचा मेळ बसतो. आणि कोवळ्या ज्वारीत जे विष असतं ते बाजरीत नसतं. त्या विषाबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे आणि तो भाग कुणीही गाळू नये. राहुरीची जायंट बाजरी चाऱ्यासाठीच काढलेली आहे. धुळ्याला बाजरी संशोधनाचं केंद्र आहे. तिथे, किंवा ममुराबाद, पाल आणि नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात आपल्या भागात कोणती जात चालते ते विचारून घ्या. ज्वारी घ्यायचीच असेल तर रुचिरा, फुले अमृता, फुले गोधन या चाऱ्याच्या जाती आहेत. चवळीत श्वेता ही चाऱ्याची जात आहे. भाजीच्या चवळीला पाला कमी येतो.

बियाणं

एका एकराला सलग पेरणीत बाजरी 4 किलो, ज्वारी 16 किलो, मका 30 किलो आणि चवळी 16 किलो लागते. मिश्र पेरणीत दोन ओळी एकदल आणि एक ओळ द्विदल असते, म्हणून एकदलाचं बी दोन तृतीयांश आणि द्विदलाचं एक तृतीयांश घ्यायचं. म्हणजे एकरी बाजरी 3 किलो आणि चवळी 5 ते 6 किलो, किंवा ज्वारी 11 किलो आणि चवळी तेवढीच. तुमच्या दहा गुंठ्यांच्या तुकड्याला पाऊण किलो बाजरी आणि दीड किलो चवळी पुरते. खर्च इतका कमी आहे की स्वस्तातलं बी शोधत फिरण्यात अर्थ नाही.

सुटी चवळी घेतली असेल तर उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, पाचव्या दिवशी उघडा. ऐंशी उगवले तर बी ठीक. साठ-सत्तर उगवले तर त्या मानाने बी वाढवा, त्याखाली आलं तर परत करा. पेरणीआधी चवळीला रायझोबियम आणि बाजरी-ज्वारीला अॅझोटोबॅक्टर ही जिवाणू खतं चोळा, दहा किलो बियाला 250 ग्रॅम, आणि सावलीत सुकवा. रंगीत औषध लावलेलं बी उरलं तर ते कोंबड्या-शेळ्यांच्या वाटेवर राहणार नाही याची काळजी घ्या.

पेरणी

पहिल्या सरीवर हुरळून तिफण काढू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, जमीन वितीपेक्षा खोल ओली झाल्याची खात्री करा आणि वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल उरली, की पेरा. आधी एक नांगरट किंवा खोल वखरणी आणि दोन वखराच्या पाळ्या झालेल्या असाव्यात. एकरी चार-पाच गाड्या कुजलेलं शेणखत शेवटच्या पाळीआधी पसरा.

दोन्ही बी एकत्र मिसळून फेकण्याची पद्धत सोपी वाटते, पण ती टाळा. बाजरीचं बी बारीक, चवळीचं जाड. मिसळलेल्या बियात बारीक दाणे तळाशी जातात आणि शेताच्या एका टोकाला नुसती बाजरी, दुसऱ्याला नुसती चवळी उगवते. खोलीही वेगळी लागते. बाजरी 2-3 सेंटिमीटरवर पडली पाहिजे, चवळी 4-5 वर. बाजरी खोल गेली तर वर येतच नाही.

तीन फणांच्या तिफणीने एक फुटावर पेरताना मधल्या फणाच्या नळीचं तोंड चाड्यात (बी ओतायच्या वाटीत) बंद करा आणि त्या फणामागे सरतं, म्हणजे बी सोडायची वेगळी नळी, बांधून त्यातून चवळी सोडा. चवळी मधल्याच फणात का, याचं कारण आहे. ती कडेच्या फणात ठेवली तर तिफण परत फिरताना चवळीची ओळ चवळीला लागून पडते आणि पुढे बाजरीच्या चार ओळी सलग येतात. चवळी मधे ठेवली की जाताना आणि येताना दोन्हीकडे बाजरी, चवळी, बाजरी असाच क्रम राहतो आणि सगळ्या शेतात दोनास एक हे प्रमाण बसतं. कापतानाही याचा फायदा होतो, कारण प्रत्येक कवेत दोन्ही चारे येतात. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात कप्पे वेगळे असतील तर हेच त्यातही साधतं.

उताराची जमीन असेल तर पेरणी उताराला आडवी करा. एवढ्याने पाणी बरंच अडतं.

खत आणि तण

पेरताना एकरी दोन पोती, म्हणजे 100 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट आणि 25-30 किलो युरिया. महिन्याने, जमिनीत ओल असेल तरच, आणखी 25 किलो युरिया एकदल ओळींच्या कडेने. चवळीला वरून युरिया लागत नाही, ती आपलं नत्र बरंचसं स्वतः मिळवते. पावसाने ओढ दिली असेल तर दुसरा हप्ता सोडून द्या. कोरड्या जमिनीत युरिया टाकून उगाच पैसे जातात आणि चाऱ्यात नायट्रेट साठण्याचा धोका वाढतो.

तिसऱ्या आठवड्यात एक कोळपणी आणि एक खुरपणी. गाजरगवत दिसलं की फुलण्याआधी मुळासकट उपटा. चाऱ्याच्या पिकात तणनाशक मारायच्या फंदात नव्या माणसाने पडू नये. मक्यावर लष्करी अळी आली आणि फवारावं लागलं, तर औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत तो चारा गव्हाणीत जाता कामा नये. घाई असेल आणि पीक चाळीस-पन्नास दिवसांचं असेल तर न फवारता लवकर कापून वापरणं जास्त शहाणपणाचं.

कापणी, आणि ज्वारीचं विष

बाजरी निसवायला, म्हणजे कणीस बाहेर पडायला, लागली की कापा. ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आली की, म्हणजे 65 ते 75 दिवसांनी. मका दाण्यात दूध भरताना. चवळीला फुलं आणि कोवळ्या शेंगा असाव्यात. धाट दातांना सहज तुटतं तोवर चारा चांगला. जमिनीपासून चार बोटं वर कापा.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत एक घटक असतो, त्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. गावाकडे याला किराळ लागणं म्हणतात. पीक गुडघाभर असताना, पावसाच्या ओढीने खुरटलेलं असताना, आणि खुरटल्यावर पाऊस पडून किंवा कापणीनंतर नवे फुटवे फुटताना हे विष सर्वांत जास्त असतं. म्हणजे ज्या वेळी घरात चारा संपलेला असतो आणि शेतातले हिरवे पोंगे खुणावत असतात, नेमकी तीच वेळ धोक्याची. उपाशी ढोर बांधावरून सुटून कोवळ्या ज्वारीत शिरलं तर घटकेत मरू शकतं.

खूण अशी: श्वास जोरात चालतो, तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं, चालताना झोकांड्या जातात, डोळ्यांच्या आणि तोंडाच्या आतली कातडी भडक लाल दिसते. घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका. पशुवैद्यकाला फोन करा, किंवा 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवा. शिरेतून द्यायचं औषध वेळेवर मिळालं तर जनावर वाचतं. बाकीच्या ढोरांना ताबडतोब त्या शेतातून बाहेर काढा.

काळजी सोपी आहे. ज्वारी फुलोऱ्यात येण्याआधी कापायची नाही आणि चारायची नाही. पीक खुरटलेलं असेल तर हिरवं न देता कापून नीट वाळवून द्यायचं, वाळल्यावर विष बरंच उतरतं. मुरघासातही (हवाबंद आंबवलेल्या चाऱ्यातही) ते कमी होतं. कापलेल्या शेतातल्या फुटव्यांवर ढोरं सोडायची नाहीत. नवा सालदार किंवा गुरं राखणारं पोर असेल तर त्याला शेतात नेऊन कोणता तुकडा बंद आहे ते दाखवा.

बाजरी आणि मक्यात हे विष नाही, पण दुष्काळात नायट्रेट साठतं, विशेषतः धाटाच्या खालच्या भागात. लांबलेल्या ओढीनंतर पाऊस झाला तर आठवडाभर थांबा, मग कापा, आणि त्या वेळी चार बोटांऐवजी वीतभर वर कापा.

गव्हाणीत घालताना

कोरड्या वैरणीवर असलेल्या ढोराला एकदम पोटभर हिरवं देऊ नका. पोटातल्या जंतूंना नवा चारा पचवायला आठवडा-दहा दिवस लागतात. पहिल्या दिवशी 4-5 किलोपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. सकाळी दव असताना कापलेली चवळी दोन-तीन तास सुकू द्या, नाहीतर पोटफुगी होते. आधी थोडा कडबा, मग हिरवं, हा क्रम ठेवा.

सगळा चारा कुट्टी करूनच द्या. अख्ख्या धाटांतून गाय पानं ओढते आणि बाकी तुडवते. कुट्टी केली की तेवढ्याच चाऱ्यात जास्त दिवस निघतात, आणि हिरवी कुट्टी, कडब्याची कुट्टी, हरभऱ्या-तुरीचं कुटार हे सगळं एकत्र कालवता येतं. कडबाकुट्टी यंत्रावर काम करताना उपरणं, पदर, लांब बाही बांधून घ्या. पेंढी आत ढकलायला हात कधीच रोळापर्यंत नेऊ नका. मुलांना यंत्राजवळ उभंही राहू देऊ नका. हात गमावलेली माणसं आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील.

मिश्र चारा नियमित मिळाला की ढेप थोडी कमी करता येते. एकदम बंद करू नका. आठवड्याला अर्धा किलो कमी करत दुधाकडे लक्ष ठेवा, दूध उतरायला लागलं की तिथे थांबा. खनिज मिश्रण आणि मीठ मात्र चालूच राहू द्या.

उरलेला चारा टिकवणं

पाऊस बरा झाला तर सप्टेंबरमध्ये चारा उरेल, आणि आखाजीनंतरची तयारी याच चाऱ्यातून होते. बाजरी-चवळी वाळवायची तर उघडीप बघून कापा, पातळ पसरा, दिवसातून दोनदा उलटा. चवळीची पानं पूर्ण वाळल्यावर गळतात आणि सत्त्व पानांतच असतं, म्हणून पानं मऊ असतानाच सावलीत हलवा. दमट चारा गंजीत गेला तर आतून तापतो आणि बुरशी येते. बुरशीचा चारा गाभण गाईला तर अजिबात देऊ नका.

मका किंवा ज्वारी असेल तर मुरघास उत्तम. दाणा दुधाळ ते थोडा घट्ट झाला की कापा, चारा किंचित सुकवून पाणी 65 ते 70 टक्क्यांवर आणा. मुठीत कुट्टी आवळून सोडली की गोळा हळूहळू सुटला पाहिजे. पाणी गळालं तर चारा अजून ओला आहे, आणि लगेच विस्कटला तर जास्त सुकला. बारीक कुट्टी थराथराने जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा आणि प्रत्येक थर पायाने दाबा. आत हवा राहिली की मुरघास काळा पडतो. एकूण चाऱ्यात चवळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि थोडं गुळाचं पाणी शिंपडलं तर आंबवण नीट होतं. तोंड बांधून 45 दिवस ठेवा. उंदरांनी पिशवी कुरतडली तर त्याच दिवशी भोकावर पट्टी लावा.

रब्बी आणि बांध

विहिरीला दिवाळीनंतर तीन-चार पाणी देण्याइतकी धार असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत ओट पेरा, केंट किंवा फुले हरिता, दहा गुंठ्यांना दहा किलो बी. पहिली कापणी 50-55 दिवसांनी, दुसरी त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी. सोबत चार वाफे लसूणघास, राहुरीची आरएल 88 ही जात. पाणी नसेल तर या भानगडीत न पडता तापीकाठच्या लोकांसारखी खोल काळ्या जमिनीत दादर ही रब्बीची ज्वारी पेरा. तिचा कडबा ढोरं आवडीने खातात आणि दाणाही घरात येतो.

बांध मोकळे ठेवू नका. बांधावर मारवेल किंवा अंजन गवत लावा, दोन्ही एकदा धरली की वर्षानुवर्षं राहतात. शेवरी आणि सुबाभूळ पावसाळ्यात लावा, कमरेइतक्या उंचीवर छाटत राहा. सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या पाव भागापेक्षा जास्त घालू नका, त्यात मिमोसीन हा विषारी घटक असतो. गोठ्याचं सांडपाणी जिथे जातं तिथे फुले जयवंत किंवा यशवंत या जातीच्या संकरित नेपिअरची ठोंबं लावली तर दोन जनावरांची हिरवी चव उन्हाळ्यातही भागते. धुळ्याच्या उजाड टेकड्यांवर टिकून राहिलेलं अंजनाचं झाड पडीक कोपऱ्यात लावा. त्याला मोठं व्हायला वेळ लागतो, पण त्याचा पाला ढोरं-शेळ्या खातात.

शेवटचं काम बियाण्याचं. पहिल्या तुकड्यातल्या चवळीच्या दोन-तीन ओळी न कापता राखा. शेंगा वाळतील तशा तोडा, झोडून दाणे कडक उन्हात वाळवा आणि राखेत घोळून कोरड्या डब्यात भरा, नाहीतर भुंगा लागतो. संकरित ज्वारी-बाजरीचं बी मात्र असं राखता येत नाही, ते दरवर्षी नवं घ्या. मे महिन्यात डबा उघडून शंभर दाणे पुन्हा गोणपाटात घालून बघा, म्हणजे बी कमी पडलं तर मृगाआधी आणायला वेळ मिळेल.